तिरक्या रेघेच्या पलीकडे

वेबसाइटची हुबेहूब प्रत उतरवून ठेवणं, म्हणजे मिररिंग, हे माझं पोटापाण्याचं काम. त्यातलं मला जे काही येतं, त्याचा माग काढत गेलं तर तो पुण्यातल्या एका संशोधन संस्थेच्या संगणक विभागात, तिथल्या मॅडमच्या टेबलापाशी जाऊन थांबतो. त्यांचं नाव इथे येणार नाही. "लिहायचंच असेल तर कामाबद्दल लिही, माझ्या आरत्या नकोत," अशी त्यांनी अटच घातली आहे. पण त्यांना वगळून त्या कामाबद्दल लिहायचं कसं, ते मला अजून जमलेलं नाही.

साल २००१. सगळ्या संस्थेला मिळून ६४ केबीपीएसची एक लाइन. लाइन पूर्ण मोकळी असली तरी एक एमबी उतरायला दोन मिनिटांच्या वर लागत. त्यामुळे अभ्यासाला लागणारी परदेशी संकेतस्थळं रात्री उतरवून घ्यायची आणि दिवसा सगळ्यांनी आमच्या सर्व्हरवरची प्रत वाचायची, अशी पद्धत होती. मॅडम मूळच्या संख्याशास्त्राच्या, माहेर कोल्हापूरचं, आवाज खणखणीत. सकाळी आल्या की आधी रात्रीचा लॉग डॉट मॅट्रिक्सवर छापून घ्यायच्या आणि त्या सलग कागदावर पेन्सिल घेऊन ओळ न ओळ वाचायच्या. "यंत्राने काय केलं ते यंत्रालाच विचारायचं. आपला अंदाज चहाबरोबर," हे त्यांचं नेहमीचं वाक्य.

साधनं दोन. लिनक्सवर डब्ल्यूगेट, जो ह्रवोये निक्शिच या क्रोएशियन माणसाने १९९६ साली लोकांसमोर ठेवला. आणि विंडोजवर झाव्हिए रोश या फ्रेंच माणसाचा एचटीट्रॅक, १९९८चा. दोन्ही फुकट, दोन्ही आजही वापरात. हे दोघे आम्हाला कधी भेटले नाहीत. पण त्यांचंही देणं माझ्या डोक्यावर आहे.

मॅडमनी पहिल्यांदा शिकवलं ते पत्ता वाचायला. वेबच्या पत्त्यात मशीनचं नाव कॅपिटलमध्ये लिहा नाहीतर स्मॉलमध्ये, फरक पडत नाही. डोमेन नेमच्या व्यवस्थेत तसं ठरलेलंच आहे. त्या नावापुढे जी तिरकी रेघ येते, तिच्यानंतर मात्र तसं नाही. मॅडमच्या भाषेत, "रेघेपर्यंत गावाचा कायदा, रेघेपुढे घरमालकाचा." घरमालक युनिक्सवाला असेल तर मोठा ए आणि लहान ए ही दोन वेगळी अक्षरं. विंडोजच्या सर्व्हरवर असेल तर दोन्ही एकच. पत्ता नुसता बघून यातलं कोणतं खरं ते कळत नाही. सर्व्हरला विचारावं लागतं.

विचारायचं कसं, हे त्यांनी एका परदेशी नियतकालिकाच्या जुन्या अंकांच्या निमित्ताने दाखवलं. ते स्थळ विंडोज सर्व्हरवर होतं. संपादकांनी कुठे फोल्डरचं नाव सगळं कॅपिटलमध्ये लिहिलेलं, कुठे सगळं स्मॉलमध्ये, कुठे फक्त पहिलं अक्षर मोठं. त्यांच्या सर्व्हरला तिन्ही सारखीच, म्हणून त्यांना कधी अडचण आली नाही. आमच्या लिनक्सच्या डिस्कवर मात्र तीन वेगळे फोल्डर तयार झाले आणि प्रत्येकात तेच अंक पुन्हा उतरायला लागले. ६४ केबीपीएसवर ही चैन परवडणारी नव्हती.

सगळे पत्ते स्मॉलमध्ये करून टाकले की प्रश्न मिटला, असं कुणालाही वाटेल. मॅडमनी आधी सर्व्हरचं उत्तर उघडून तो कोणत्या जातीचा आहे ते पाहिलं. मग एकच पान तीन स्पेलिंगांनी मागवलं. तिन्ही वेळा पान आलं. मग तिन्हींची एमडीफाइव्ह बेरीज काढली, म्हणजे मजकुरात एक टिंब बदललं तरी बदलणारी खूण, आणि ती तिन्ही वेळा वेगळी! कारण पानाच्या तळाशी भेट देणाऱ्यांचा आकडा मोजणारा काउंटर होता आणि आमच्या प्रत्येक मागणीबरोबर तो एकाने वाढत होता. त्यांनी तिन्ही प्रती ओळीओळीने ताडून पाहिल्या, फरक तेवढ्या एकाच ओळीत आहे याची खात्री केली आणि मगच फोल्डर एकत्र केले. तेही उतरवलेल्या मूळ प्रतीला हात न लावता, दुसऱ्या जागी. "आधी जसं आहे तसं घ्यायचं. शहाणपण नंतर, आणि तेही वेगळ्या फोल्डरात."

या शिस्तीचं खरं मोल कळलं ते पुढच्या कामात. अमेरिकेतल्या एका विद्यापीठात असलेल्या मराठी गृहस्थांनी मुलांना मराठी शिकवायला शब्दांची पानं केली होती. एका शब्दाला एक पान, त्यात चित्र आणि उच्चार. विद्यापीठाच्या युनिक्स मशीनवर त्यांना जे खातं होतं, त्यातच हे सगळं. नोकरी सुटली की खातं बंद होणार होतं. आम्ही प्रत उतरवून सीडीवर द्यायची, आणि ती सीडी तिकडच्या घराघरांतल्या विंडोजवर चालायची होती.

फायलींची नावं त्यांनी आयट्रान्स पद्धतीने ठेवली होती. देवनागरी रोमन अक्षरांत लिहायची ही पद्धत तेव्हा परदेशातल्या मराठी माणसांच्या हातात बसलेली होती. तिच्यात लहान एल म्हणजे ल, मोठा एल म्हणजे ळ. लहान एन म्हणजे न, मोठा एन म्हणजे ण. लहान टी त, मोठा टी ट. म्हणजे काल आणि काळ, मन आणि मण, तल आणि तळ या फायलींच्या नावांत फरक काय तो एका अक्षराच्या आकाराचा. युनिक्सवर हे सगळे शेजारी सुखाने नांदत होते. विंडोजवर नुसतं उतरवलं असतं, तर काळ येऊन कालच्या डोक्यावर बसला असता आणि पडद्यावर साधी तक्रारही उमटली नसती. सीडीच्या आयएसओ ९६६० या मानकाची मूळ पातळी तर आणखी कडक: नावाला आठ अक्षरं, पुढे तीन, आणि सगळी कॅपिटल.

मॅडमनी प्रत लिनक्सवर उतरवली. मग सॉर्ट आणि युनिक या युनिक्सच्या दोन जुन्या आज्ञांना अक्षरांच्या आकाराकडे दुर्लक्ष करायला सांगून, कोणती नावं एकमेकांवर आदळतील त्यांची यादी काढली. एचटीट्रॅक अशा वेळी दुसऱ्या फायलीच्या नावापुढे दोनचा आकडा लावतो, तसंच करावं असं मी सुचवलं. त्या म्हणाल्या, "दुसरा कोण, हे कुणी ठरवलं? आपण ज्याला आधी उतरवलं तो पहिला होय?" आणि त्यांनी दोघांनाही आकडे लावले. मग सगळ्या पानांतल्या लिंका बदलल्या आणि एक साधी यादी सीडीवर घातली. रकाने चार: मूळ पत्ता जसाच्या तसा, सर्व्हरचं उत्तर, सीडीवरचं नाव, एमडीफाइव्ह.

त्याच कामात त्यांनी उलटं उदाहरणही दाखवलं. त्या गृहस्थांच्या पत्त्यात नावाआधी टिल्डचं नागमोडी चिन्ह होतं. काही लिंकांत त्याच्या जागी टक्क्याचं चिन्ह, सात आणि मोठा ई, तर काहींत लहान ई. इथे घरमालकाला विचारायची गरजच नाही. टक्क्यानंतरचे षोडशमान (हेक्स) अंक लहान-मोठे कसेही लिहिले तरी एकच, हा सगळ्यांचा नियम. कुठे नियम बघायचा आणि कुठे घरमालकाला विचारायचं, हे ओळखता आलं की निम्मं काम झालं.

पुढे मी संस्था सोडली, पण चार रकान्यांची यादी बरोबर आली. २००९च्या ऑक्टोबरात याहूने अमेरिकेतलं जिओसिटीज हे लोकांच्या वैयक्तिक पानांचं स्थळ बंद केलं तेव्हा ओळखीच्यांची पानं उतरवताना ती वापरली. त्याच वर्षी वॉर्क हे जतनाचं स्वरूप आंतरराष्ट्रीय मानक झालं. त्यात उतरवलेल्या प्रत्येक गोष्टीच्या माथ्यावर तिचा मूळ पत्ता लिहिलेला असतो, डिस्कवरच्या फायलीच्या नावावर काहीच अवलंबून राहत नाही. मॅडमना सांगितलं तर म्हणाल्या, "बरं झालं, सगळ्यांचीच सोय झाली." आता देवनागरीतले पत्ते आले. देवनागरीत लहान-मोठं नाहीच, पण तारेवरून जाताना रेघेपुढच्या प्रत्येक अक्षराचे आणि मात्रेचे टक्केवाले तीन-तीन तुकडे होतात आणि टिल्डचा तो धडा तिथे रोज उपयोगी पडतो. घरमालकांच्या तऱ्हाही भेटत राहतात. इंग्रजी विकिपीडियावर लेखाच्या नावाचं पहिलं अक्षर लहान-मोठं कसंही चालतं, पुढची चालत नाहीत. विक्शनरीत पहिलंही चालत नाही.

गेल्या वर्षी आमच्याकडे नव्याने आलेल्या मुलीने विचारलं, "सर, सगळं लोअरकेस का करत नाही?" मी तिला यूट्यूबच्या एका व्हिडिओची अकरा अक्षरी खूण दिली आणि लोअरकेस करून उघडायला सांगितलं. व्हिडिओ उघडला नाही. तिने मुकाट्याने यादी मागून घेतली, दोन दिवस वापरली आणि तिच्यात पाचवा रकाना वाढवला: हे स्पेलिंग कोणत्या पानावरून मिळालं. तीन स्पेलिंगांपैकी लेखकाचं स्वतःचं कोणतं आणि दुसऱ्या कुणी हाताने टंकलेलं कोणतं, ते त्यावरून कळतं.

मी कौतुकाने मॅडमना फोन केला. निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली. हल्ली ऐकायला जरा कमी येतं, त्यामुळे आवाज पूर्वीपेक्षाही खणखणीत. सगळं ऐकून घेतलं, पोरीला शाबासकी सांगायला सांगितली, आणि मी आभाराचं काही बोलायच्या आत विचारलं, "मग आधीच्या सगळ्या प्रतींना तो रकाना कधी भरतोयस?"

जुने लॉग काढून बसलो आहे. निम्मे झालेत.