चोवीस व्होल्टचा धडा



नववीत असताना मला विज्ञानात बरे गुण मिळत. एकसर जोडणी आणि समांतर जोडणी यांच्या आकृत्या मी न चुकता काढत असे. पण त्या आकृतीचा खरा अर्थ मला समजला तो बेळगावात आमच्या आप्पांच्या गॅरेजमध्ये, आणि तोही दुसऱ्याचे नुकसान केल्यानंतर.

आप्पा ट्रकचे वायरिंग करत. मोटारीत १२ व्होल्टची एक बॅटरी असते, मोठ्या ट्रकमध्ये तशा दोन. एकीचे धन टोक दुसरीच्या ऋण टोकाला जोडले की दोन्ही मिळून २४ व्होल्ट होतात. हीच आपली एकसर जोडणी. मोठे डिझेल इंजिन फिरवताना सेल्फला फार शक्ती लागते. व्होल्ट दुप्पट केले की तेवढ्याच शक्तीला निम्मा प्रवाह पुरतो. २४० वॅटसाठी १२ व्होल्टवर २० अँपिअर लागतात, २४ व्होल्टवर १०. शिवाय प्रवाह निम्मा झाला की त्याच तारेत उष्णतेने वाया जाणारी शक्ती चौथाईवर येते.

इंजिन सुरू झाले की पट्ट्यावर फिरणारा अल्टरनेटर वीज तयार करतो. डायोड तिला एकाच दिशेने वाहायला लावतात आणि रेग्युलेटर ती सुमारे २८ व्होल्टवर रोखून धरतो. म्हणजे प्रत्येक बॅटरीच्या वाट्याला १४.

१९९४ च्या मे महिन्यात भाजीची गाडी चालवणारे एक मामा आले. त्यांना गाडीत टेप लावून हवा होता. टेप १२ व्होल्टचा. आप्पा जेवायला गेले होते. मी एकाच बॅटरीवरून दोन तारा घेतल्या आणि टेप वाजू लागला. मामांनी खूश होऊन माझ्या हातावर पाच रुपये ठेवले.

गणपतीच्या आधी मामा परत आले. गोव्याला भाजी नेताना रात्री अनमोड घाटात त्यांनी थोडा वेळ गाडी बंद केली, ती पुन्हा सुरूच होईना. सेल्फ नुसता टकटक करत होता. दुसऱ्या गाडीची मदत मिळेपर्यंत उजाडले. बाजाराची वेळ टळली, कोथिंबीर पिवळी पडली.

आप्पांनी गाडी सुरू करून दोन्ही बॅटऱ्यांवर वेगवेगळा मीटर लावला. एकीवर १३, दुसरीवर १५. बेरीज २८ बरोबर होती, म्हणून रेग्युलेटरला काही चुकले असे वाटतच नव्हते. टेप एकाच बॅटरीतून वीज ओढत होता. ती कायम अर्धपोटी राहिली आणि तिच्या प्लेटा खराब झाल्या. दुसरीला गरजेपेक्षा जास्त मिळत गेले आणि तिचे पाणी आटले.

“ही तार कोणी जोडली?” आप्पांनी विचारले. मी खाली मान घालून उभा राहिलो. मग म्हणालो, “मी.”

आप्पा माझ्यावर ओरडले नाहीत. मामांना म्हणाले, “चूक आमच्या गॅरेजची आहे. बॅटऱ्या मी देतो.” दोन्ही नव्या दिल्या, कारण जुनी आणि नवी एकत्र जोडली तर पुन्हा असाच असमतोल होतो. टेपसाठी २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर बसवला. तो दोन्ही बॅटऱ्यांतून सारखीच वीज घेतो. त्या दसऱ्याला येणारी माझी सायकल मात्र आली नाही. आप्पांनी तो विषय पुन्हा कधी काढला नाही.

आज ते गॅरेज मी चालवतो. शिकायला येणाऱ्या मुलाला पहिल्या दिवशी दोन गोष्टी सांगतो. दोन्ही बॅटऱ्या नेहमी वेगवेगळ्या तपासायच्या. आणि हातून काही बिघडले, तर गिऱ्हाईक परत येण्याआधी मला येऊन सांगायचे.

– एक माजी विद्यार्थी व पालक