बर्डीच्या गर्दीत

दिवाळीच्या आधीचे आठ-दहा दिवस अख्खं नागपूर बर्डीला, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात जातं. व्हरायटी चौकातून मेन रोडला लागलं की दोन्ही अंगांना दुकानं, दुकानांपुढे हातगाड्या, हातगाड्यांपुढे जमिनीवर अंथरलेल्या चादरी, आणि मधल्या उरलेल्या पट्टीतून माणसांचा लोंढा. पणत्या, रांगोळीचे रंग, कंदील, लहान मुलांचे झगे, बांगड्या, उटण्याच्या पुड्या. मोदी नंबरच्या गल्ल्यांत तर वळायलाही जागा उरत नाही. कामठीहून, हिंगण्याहून, वाडीहून माणसं येतात. काहींना काही घ्यायचंही नसतं. दिवाळीत बर्डीला एक चक्कर झाली पाहिजे, एवढंच.

या गर्दीवर माझा जीव आहे. मोठ्या बंगल्यातली बाई आणि तिच्याकडे पोळ्या करणारी बाई इथे एकाच चादरीपुढे उकिडव्या बसून पणत्या पारखून घेतात. भाव दोघींनाही तोच सांगितला जातो आणि दोघीही तो पाडून मागतात. वर्षभर ज्यांची गाठ पडत नाही ती माणसं इथे एकमेकांना धक्के देत, सॉरी म्हणत, हसत पुढे सरकतात. म्हणूनच या गर्दीत जे नाहीत ते मला फार ठळकपणे दिसायला लागले आहेत.

2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात 29 लाख 63 हजारांच्या वर दिव्यांग व्यक्ती नोंदल्या गेल्या. म्हणजे साधारण दर चाळीस माणसांमागे एक. कानांनी ऐकू न येणारी मुलगी गर्दीत ओळखू येणार नाही, हे खरं. पण पांढरी काठी ओळखू येते, कुबड्या ओळखू येतात, व्हीलचेअर तर लांबूनच दिसते. मेन रोडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जा आणि चाळिसांत एक शोधा. सापडणार नाही. ती माणसं घरी आहेत. त्यांची दिवाळी पिशवीत भरून घरी नेली जाते.

त्यांच्या हातच्या वस्तू मात्र सणात भरपूर असतात. विशेष मुलांच्या कार्यशाळांत रंगवलेल्या पणत्या, मेणबत्त्या, कागदी कंदील प्रदर्शनांत मांडले जातात आणि लोक आपुलकीनं घेतात. संस्थांमध्ये फराळाचे डबे जातात. त्या डब्यांत मीही चिवडा भरला आहे, आणि तो प्रेमानं भरला आहे. पण पणती करणाऱ्या हाताला बर्डीवर येऊन स्वतःसाठी पणती निवडता येत नसेल, तर त्याच्या वाट्याला सणाचं काम आलं, सण आला नाही.

हे शहर या बाबतीत उदासीन होतं असं कोणी म्हणू नये. कमलाबाई होस्पेट यांनी 1921 साली मातृसेवा संघ सुरू केला, तो याच सीताबर्डीचा. बाळंतपण म्हणजे अंधारी खोली असा तो काळ. बाळंतिणीला उजेड आणि स्वच्छ हात मिळावेत म्हणून एका तरुण विधवेनं हे काम उभं केलं, आणि पुढे त्याच संस्थेनं बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी शाळाही चालवली. इथून शंभरेक किलोमीटरवर, वरोऱ्याला, बाबा आमट्यांनी 1949 मध्ये आनंदवन वसवलं. तिथल्या कलाकारांचं स्वरानंदवन गावोगावच्या रंगमंचांवर गाऊन आलं आहे. संस्था काढण्यात विदर्भ मागे नव्हता. राहिला तो मधला रस्ता, संस्थेच्या फाटकापासून बाजारापर्यंतचा.

माझी मावसबहीण, आम्हा सगळ्यांची ताई, आता पन्नाशीच्या पुढे आहे. लहानपणी पोलिओ झाला. कॅलिपर घालून, कुबड्या घेऊन तिनं वर्षानुवर्षं नोकरी केली. पुढे खांदे निकामी व्हायला लागले तेव्हा व्हीलचेअर आली. त्यानंतर तिची दिवाळीची खरेदी दुसऱ्यांनी करायची, हे घरात कोणी न ठरवताच ठरून गेलं. तिला दरवर्षी अबोली नाहीतर फिकट निळी साडी मिळायची. कोणीतरी कधीतरी हे रंग तिला शोभतात असं म्हणून गेलं होतं. तिला गडद जांभळा आवडतो, हे मला ती बर्डीला आली त्या दिवशी कळलं.

बर्डीला यायचं म्हणून त्या दिवशी तिनं सकाळपासून पाणी प्यायलं नव्हतं. हे तिनं सांगितलं नाही. वाटेत बाटली पुढे केली तेव्हा तिनं नुसती मान हलवली आणि माझ्या लक्षात आलं. एवढ्या मोठ्या बाजारात व्हीलचेअर आत जाईल असं स्वच्छतागृह कुठे भेटेल याचा भरवसा नसतो, म्हणून तहान घरून निघतानाच मारायची. व्हीलचेअर वापरणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा, तिला हे नवं वाटणार नाही.

मेट्रोनं येणं सोपं झालं. 2019 च्या मार्चमध्ये खापरी ते सीताबर्डी मेट्रो सुरू झाली, पुढे दुसरी मार्गिका येऊन मिळाली, आणि इंटरचेंज स्टेशन शहराचा मध्यबिंदू झालं. लिफ्ट आहे, अंध प्रवाशांसाठी जमिनीवर उठावाच्या पिवळ्या फरशा आहेत, डब्यात खुर्ची सरळ आत जाते. ताई डब्यात शिरली आणि कोणाच्याही मदतीशिवाय खिडकीशी जाऊन थांबली. तिचा चेहरा सहलीला निघालेल्या मुलीसारखा झाला होता.

पुढे रस्ता. व्हीलचेअरची पुढची चाकं छोटी असतात. गटारावरच्या जाळीच्या फटीत ती नेमकी जाऊन बसतात, वर आलेल्या चेंबरच्या झाकणाला ठेचकाळतात. मग खुर्ची मागे कलती करून, मोठ्या चाकांवर तोलत, उलटी ओढत न्यावी लागते. म्हणजे बसलेल्या माणसाला बाजाराकडे पाठ करून बाजारात शिरावं लागतं. समोरच्याला तिचं डोकं दिसतं, तिला फक्त मागे पडत गेलेली दुकानं दिसतात. पदपथावर चढावं तर काठ उंच, आणि चढण्याजोगी जागा असेल तिथे दुचाक्यांची रांग.

मला वाटलं होतं, खरी अडचण होईल ती फेरीवाल्यांची. झालं उलटंच. रुमाल-मोजे विकणाऱ्या एका पोरानं आम्हाला लांबूनच पाहिलं आणि शेजाऱ्याला हाक दिली, “अबे, खुर्ची येऊन राहिली न, चादर घे जरा!” शेजाऱ्यानं मालासकट चादर आत ओढली, त्याच्या पुढच्यानं हातगाडी तिरपी केली, आणि आमच्यापुढे वाट उघडत गेली. शिवाय जमिनीवरचा माल ताईच्या नजरेच्या टप्प्यात होता. हात खाली केला की पणती हातात. तिनं पणत्या बोटांनी वाजवून पाहिल्या, दोन तडकलेल्या बाजूला काढल्या आणि भाव केला. विकणारी मावशी म्हणाली, “बाप्पा, तुमी तर लय पक्क्या हा ताई.” ताई इतकी खूश झाली की तिनं एक डझन जास्त घेतल्या.

तेव्हापासून बर्डीच्या पदपथांचा वाद मी वेगळ्या नजरेनं वाचते. तो उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेलेला जुना वाद आहे. एका बाजूला दुकानदार आणि वाहतूक, दुसऱ्या बाजूला 2014 च्या पथविक्रेता कायद्यानं ज्यांना हक्क दिला ते फेरीवाले. या वादात चाकावरचा माणूस कुठल्याच बाजूनं बोलत नाही, आणि त्याच्या नावानं मात्र फेरीवाल्याला हटवा म्हटलं जातं. पायरी नसलेलं बर्डीतलं दुकान म्हणजे ती चादर आहे. ती हटवून तिथे गाड्या लागणार असतील तर ताईच्या पदरात काय पडणार? चादरींच्या पुढे एक खुर्ची आरामात जाईल एवढी पट्टी आखा, आणि ती गाड्यांपासून राखा. विक्रेते ती सांभाळतील, त्यांनी त्या दिवशी कोणी न सांगता सांभाळली.

साडीच्या दुकानाला पायऱ्या होत्या. सेल्समन सौजन्यानं बाहेर आला, चार साड्या हातावर टाकून. दोन पोरं पुढे झाली, “उचलून घेतो न ताईला.” ताईनं हात जोडले. नंतर मला म्हणाली, “मला उचलून आत नेल्यावर मी भाव कशी करू? आणि चार साड्या काय पाहू, कपाटात चारशे आहेत.” जांभळी साडी त्या दिवशी मिळाली नाही. पुढच्या एका दुकानात पायरी नव्हती, तिथून एक दुपट्टा मात्र घेतला.

कायदा काय म्हणतो ते थोडक्यात सांगते, कारण पायरी हा दुकानदाराच्या मर्जीचा प्रश्न आहे असं अजूनही समजलं जातं. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 चा आहे. त्यानं दिव्यांगत्वाचे प्रकार 7 वरून 21 केले, आणि सरकारीच नव्हे तर खासगी सेवा देणाऱ्यांवरही सुगम्यतेची जबाबदारी टाकली. तरी पुढच्याच वर्षी आलेल्या नियमांत मानकांची भाषा अशी होती की पाळली तर उत्तम. राजीव रतुरी या दृष्टिहीन कार्यकर्त्यानं 2005 साली दाखल केलेल्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयानं 8 नोव्हेंबर 2024 रोजी तो नियमच मूळ कायद्याशी विसंगत ठरवला आणि बंधनकारक मानकं करायला सांगितलं. एका माणसाला एवढी वर्षं न्यायालयात उभं राहावं लागलं, याचं मला वाईट वाटतं.

सणाची अडचण फक्त चाकांची नाही. आमच्या शेजारचा मुलगा स्वमग्न आहे. फटाक्यांच्या लडीचा आवाज सुरू झाला की तो कानांवर तळहात दाबून कपाटात जाऊन बसतो, आणि मग त्याला बाहेर काढता येत नाही. म्हणून त्याचे आईवडील दिवाळीचे दिवस काटोलकडे शेतावर जाऊन राहतात. हरित फटाके तयार झाले ते आमच्या नागपूरच्याच नीरी या संशोधन संस्थेत. त्यांचा धूर सुमारे 30 टक्के कमी, ही मोठीच गोष्ट. पण फुटणाऱ्या फटाक्याला चार मीटरवर 125 डेसिबलपर्यंत मोकळीक आहे, आणि त्या मुलाच्या कानाला धूर कमी झाल्याचं कळत नाही.

ब्रिटनमध्ये 2017 पासून काही मोठ्या दुकानांनी स्वमग्न ग्राहकांसाठी शांत तास ठेवायला सुरुवात केली. दिवे मंद, गाणी बंद. बर्डीत सकाळी दुकानं उघडतात तेव्हा असा एक तास सहज ठेवता येईल, असं मला वाटलं. मी ते उत्साहानं ताईला सांगितलं. ती म्हणाली, “त्या पोरासाठी जरूर ठेवा. मला काहून सकाळी बोलावता? मला धनत्रयोदशीच्या संध्याकाळी यायचं आहे. मी गर्दीच पाहायला येते.” दोघांचंही बरोबर आहे. एकाला सण कमी आवाजात हवा, दुसरीला पुरेपूर. सोय करायची म्हणजे सगळ्या दिव्यांगांना एका रांगेत, एका वेळी, एका कोपऱ्यात बसवायचं, ही आपली सवय इथेच मोडावी लागेल.

गर्दी आणि सुगम्यता यांचं वैर असतंच, हेही मला पटत नाही. दसऱ्याला दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात. 14 ऑक्टोबर 1956 ला बाबासाहेबांनी तिथे धम्मदीक्षा दिली, तेव्हापासूनचा हा ओघ आहे. रेल्वे स्टेशनवर उतरलेली कुटुंबं बर्डीवरून पायी निघतात. त्या लोंढ्यात हातानं चालवायच्या तीनचाकी सायकली दिसतात, मुलाच्या खांद्यावर हात ठेवून चालणारे अंध म्हातारे दिसतात. गर्दी चालण्याच्या वेगानं सरकते, आणि तो वेग तीनचाकीला जमतो. कोणी तरी मागून ढकलतं, पुढे गेल्यावर दुसरा हात लावतो. तू कशाला आलास, असं तिथे कोणी कोणाला विचारत नाही. तो दिवसच त्यासाठी आहे.

तान्ह्या पोळ्यातही असंच थोडं घडतं. मुलं लाकडी नंदी सजवून रांगेत उभी राहतात, आणि बोजारा, म्हणजे खाऊ नाहीतर पैसे, वाटणारा माणूस रांगेतून प्रत्येकापाशी जातो. आमच्या भागात एक मुलगा व्हीलचेअरवर नंदी मांडीवर घेऊन येतो. नंतर घरोघर फिरताना पायऱ्या येतात. पण तो आला की बायका बोजारा घेऊन फाटकाशी उतरून येतात, आणि मग त्याच्याबरोबरच्या सगळ्याच पोरांना फाटकाशी मिळतो.

यंदाच्या गणपतीत आमच्या मंडळाच्या पोरांनी ताईला विचारलं, मंडपात रॅम्प करून देऊ का. त्यांनी प्लायवूडची फळी लावली. ताईनं पाहिली आणि म्हणाली, ही घसरगुंडी आहे. एक फूट उंचीला बारा फूट लांबी लागते, हे तिला पाठ आहे. बारा फूट टाकले तर फळी रस्त्यावर जाणार. पोरं डोकं खाजवत बसली. शेवटी एकानं विचारलं, मंच एवढा उंच हवा तरी कशाला? मागच्यांना मूर्ती दिसायला हवी म्हणून. मग मूर्तीचा चौथराच उंच केला आणि माणसांची फरशी चार इंचांवर आणली. फळी चार फुटांत बसली. त्या फळीवरून ताईबरोबर गुडघे दुखणाऱ्या काकू आल्या, बाबागाडीतली दोन बाळं आली, आणि प्रसादाचं मोठं पातेलं ढकलगाडीवरून आलं.

आरती झाल्यावर ताईनं अध्यक्षाकडे पावतीपुस्तक मागितलं. पुढच्या वर्षी तळमजल्यांची वर्गणी ती गोळा करणार आहे. वरचे मजले पोरांनी करावेत, असं तिनं ठरवून दिलं आहे, आणि मागच्या वर्षी ज्यांनी कमी दिली त्यांची नावं आतापासूनच मागून घेतली आहेत.