आईचा दादा
सकाळचा चहा झालाय, हे आईच्या लक्षात नसतं. तिसगावहून पायी मढीला जाऊन कानिफनाथांच्या यात्रेत पाहिलेला गाढवांचा बाजार मात्र तिला लख्ख आठवतो. अल्झायमरमध्ये मेंदूतला हिप्पोकॅम्पस आधी झिजतो, म्हणून ताजं आधी पुसलं जातं. हे कळतं, पण पटत नाही. मला ती 'दादा' म्हणते, म्हणजे तिचा थोरला भाऊ. मी ओ देतो. हे खोटं म्हणायचं का? 'अस्तु'मधले मोहन आगाशेंचे शास्त्री हत्तीमागे निघून जातात. तो सिनेमा पाहिल्यापासून फाटकाला कडी लावतो. बहीण नगरच्या वृद्धाश्रमाचं सुचवते. तिथं रात्री कुणी जागं तरी असेल. इथं मी असतो, अर्धवट झोपेत. पण तिथं तिच्या हाकेला 'दादा' म्हणून ओ कोण देईल? बहिणीला अजून काही कळवलेलं नाही.