हवा कधी सोडायची

वडिवळे गावच्या खाचरात भातकापणीनंतर सुटलेली गाय पोटात जे घडवते, तेच मी स्टीलच्या फर्मेंटरमध्ये घडवून घेतो. बी-१२ जीवनसत्त्व ना झाडाला बनवता येतं, ना गाईला. ते फक्त सूक्ष्मजीवांना जमतं. गाईच्या पोटातले जिवाणू चाऱ्यातला कोबाल्ट वापरून ते तयार करतात, म्हणून ते दुधात उतरतं.

ते सगळ्यांना पुरेसं मिळत नाही. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांचा अभ्यास केला. निम्म्याहून जास्त जणींत बी-१२ कमी निघालं. वास्तविक माणसाला दिवसाला दोन-सव्वादोन मायक्रोग्रॅम पुरतं. एका ग्रॅममध्ये जवळपास पाच लाख माणसांची एका दिवसाची सोय होते. म्हणूनच बॅचचा उतारा थोडा जरी वाढला, तरी मला त्याचं फार मोल वाटतं.

आमचा जिवाणू प्रोपिओनिबॅक्टेरियम. स्विस चीजला भोकं पाडणारा हाच. त्याला हवा मानवत नाही, म्हणून सुरुवातीचे दिवस फर्मेंटरमध्ये हवा सोडत नाही. साखर खाऊन तो वाढतो आणि प्रोपिओनिक आम्ल सोडतो. झाकण उघडताच त्याचा उग्र दर्प नाकात जातो. हेच आम्ल पुढे त्याच्या मुळावर येतं. अल्कली घालून पीएच सातच्या आसपास धरला, तरी त्या आम्लाचा क्षार ब्रॉथमध्ये, म्हणजे जिवाणू वाढतो त्या द्रवात, साठतच राहतो. नवी मुलं अशा वेळी साखर वाढवायला निघतात. माझं म्हणणं, आधी आम्ल काढा.

पण खरी कसोटी पुढे आहे. बी-१२च्या रेणूचा एक तुकडा, डायमिथाइलबेंझिमिडाझोल, घडवायला याच जिवाणूला ऑक्सिजन लागतो. म्हणून वाढ पुरी होत आली की हलकी हवा सोडायची. घाई केली तर वाढ खुंटते, उशीर केला तर रेणू अर्धवट राहतात. जीवनसत्त्व पेशींच्या आतच असतं. त्यामुळे नमुन्यातल्या पेशी सायनाइडच्या अगदी सौम्य द्रावात तापवून गाळायच्या. बॅच साधली असेल तर खाली गुलाबी-लाल पाणी उतरतं. स्पेक्ट्रोफोटोमीटरचा आकडा नंतर येतो, पण तो रंग पाहूनच जिवात जीव येतो.

सध्या आम्ही ब्रॉथ मेंब्रेनमधून फिरवतो. पेशी आत राहतात, आम्ल धुऊन जातं. पेशी पूर्वीपेक्षा दाट होतात आणि ऑक्सिजन झपाट्याने संपवतात. त्यामुळे हवा कधी आणि किती सोडायची, याचं जुनं गणित आता लागू पडत नाही. ते आम्ही नव्याने बसवतो आहोत.