वजन शंभरच्या पुढे आणि होडी एकट्याची

"डॉक्टर, वजन थोडं उतरू द्या, मग काहीतरी सुरू करतो." हे वाक्य मी मांजरीतल्या दवाखान्यात आठवड्यातून चार-पाच वेळा ऐकतो. कुणाला पोहायचं असतं, कुणाला ट्रेकला जायचं असतं, कुणाला सायकल घ्यायची असते. सगळ्यांची अट एकच, आधी वजन. माझे वडीलही असंच म्हणायचे. तरुणपणी गावच्या विहिरीत सूर मारणारा माणूस, पण चाळिशीनंतर पोट सुटलं आणि लोकांसमोर उघडं व्हायची लाज वाटायला लागली. 'दहा किलो उतरले की परत सुरू करतो' असं म्हणता म्हणता छप्पन्नाव्या वर्षी ते हार्ट अटॅकने गेले.

माझी उंची ५ फूट ११ इंच आणि वजन १०८ किलो. म्हणजे बीएमआय साधारण ३३. आपल्याकडे २५ च्या पुढे लठ्ठपणा धरतात, त्यामुळे पेशंटला सांगतो ते सगळं मलाही लागू आहे. वजनामुळे शुगर, बीपी, गुडघे यांचे धोके वाढतात, यात शंका नाही. पण हालचालीचा फायदा वजन उतरण्याची वाट पाहत नाही. आठवड्याला १५० मिनिटं मध्यम व्यायाम करा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, ते जाड माणसालाही तितकंच लागू आहे.

मी निवडलेला व्यायाम जरा वेगळा आहे. खळाळत्या पाण्यात एकट्याने कनू चालवणं. 'तुमच्या वजनाला होडी कशी काय चालते?' असं अनेकांनी विचारलं, म्हणून हा लेख. तुम्हाला कनूत रस नसला तरी वाचा. साधन शरीराच्या मापाचं कसं निवडायचं, हे सायकललाही लागू पडतं आणि बुटांनाही.

कनू आणि कयाक

कयाकमध्ये पाय पुढे पसरून बसतात आणि दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं वापरतात. कनू वरून उघडी असते. तिच्यात गुडघे टेकून बसायचं आणि एकाच पात्याचं वल्हं मारायचं. खळाळत्या पाण्याच्या एकट्याच्या कनूत मध्यभागी फोमची बैठक असते, तिला खोगीर म्हणू. मांड्यांवरून पट्टे येतात, त्यामुळे होडी अंगाला बांधल्यासारखी वळते. पुढे-मागे हवेच्या मोठ्या पिशव्या बसवलेल्या असतात, म्हणजे होडी उलटली तरी तिच्यात कमी पाणी शिरतं आणि ती तरंगत राहते.

पाणी कुठलं?

आपल्या मांजरी बुद्रुक आणि मांजरी खुर्दच्या मधून मुळा-मुठा वाहते, पण तिच्यात उतरू नका. सांडपाणी, फेस आणि जलपर्णीच्या या पाण्यात पायावरच्या छोट्या जखमेतूनही लेप्टोस्पायरोसिससारखा आजार होऊ शकतो. नदीवरच्या बंधाऱ्यांपासूनही लांब राहा. बंधाऱ्यावरून पडणारं पाणी खाली गोल फिरत राहतं आणि माणसाला पुन्हा पुन्हा आत ओढतं. वरून ते शांत दिसतं, म्हणूनच जास्त घातक. पट्टीचे पोहणारेही त्यात बुडतात.

महाराष्ट्रात शिकण्याजोगं खळाळतं पाणी आहे ते कोलाडला, कुंडलिका नदीवर. तिचा मुळेशी संबंध आहे. मुळशीला टाटांनी मुळा नदीवर धरण बांधलं. त्याच धरणाविरुद्ध १९२१ ते १९२४ या काळात सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशी सत्याग्रह झाला. धरणातलं पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला भिऱ्याच्या वीजघरात उतरतं आणि वीज तयार झाल्यावर कुंडलिकेत येतं. म्हणजे एरवी मुळेतून आपल्या मांजरीकडे आलं असतं, त्यातलं बरंचसं पाणी कोकणात जातं आणि उन्हाळ्यातही कोलाडला लाटा देतं. खळाळाची प्रतवारी एक ते सहा अशी असते, कुंडलिका साधारण दुसऱ्या ते तिसऱ्या प्रतीची. पाणी ठरावीक वेळी सुटतं, बहुधा सकाळी. म्हणून तिथल्या प्रशिक्षकांशिवाय आणि वेळ विचारल्याशिवाय उतरायचं नाही.

कोलाडला मुख्यतः राफ्ट आणि कयाक मिळतात. उघडी कनू आपल्या देशात दुर्मीळच. मी ती पहिल्यांदा चालवली कॅनडात, मुलीकडे गेलो असताना. तिथे शिकवणाऱ्यांनी एकाच दिवशी मला दोन होड्या देऊन पाहिल्या, एक ९ फुटी आणि एक १२ फुटी. माणूस तोच, नदी तीच, तरी फरक थक्क करणारा होता.

वजनाचं गणित

एक लिटर पाण्याचं वजन एक किलो. होडी आणि माणूस मिळून जितके किलो, तितके लिटर पाणी होडीला बाजूला सारावं लागतं. माझा हिशोब असा: मी १०८, ओले कपडे, बूट, हेल्मेट आणि जॅकेट मिळून ८, होडी २५. एकूण १४१ किलो. ६८ किलोच्या माणसापेक्षा मी ४० किलोंनी जड. तेवढ्या फरकाने छोटी होडी साधारण तीन सेंटीमीटर जास्त बुडते. ऐकायला थोडं वाटतं, पण तिथूनच गडबड सुरू होते. काठ पाण्याजवळ येतो, लाट आत येते. आत आलेली ५० लिटर लाट म्हणजे ५० किलोचं हलतं ओझं. होडी झुकते त्याच बाजूला तेही धावतं.

९ फुटी होडीत मी दर लाटेला पाणी उपसत होतो. १२ फुटीत तेच वळण कोरडं पार पडलं. माझं कसब एका तासात वाढलेलं नव्हतं, होडी मापाची मिळाली होती.

तेव्हा निवडताना हे पाहा:

लांबी. मोठ्या चणीच्या नवशिक्याने साधारण ११ ते १३ फुटांची होडी बघावी. ८-९ फुटांच्या होड्या चपळ असतात, पण त्या हलक्या किंवा मुरलेल्या माणसाच्या.

रुंदी आणि खोली. बसायच्या जागी २८ ते ३० इंच रुंदी आणि मध्यभागी १५-१६ इंच खोली चांगली. बुडाच्या कडा गोलसर हव्यात. धारदार कडेची होडी पटकन वळते आणि नवशिक्याला तितक्याच पटकन उलटवते.

वजनाची मर्यादा. कंपनी 'कमाल इतके किलो' असं लिहिते. तो आकडा होडी तरंगण्याचा असतो, नीट वळण्याचा नसतो. चालवणाऱ्याच्या वजनाची शिफारस वेगळी दिलेली असेल तर ती बघा. तुमचं सामानासकट वजन त्या पट्ट्याच्या मध्यात यायला हवं, वरच्या टोकाला नको.

वीतभर काठ. विकत घेण्यापूर्वी शांत पाण्यात बसा आणि काठावरच्या माणसाला बघायला सांगा. मधोमध होडीचा काठ पाण्यावर वीतभर तरी दिसला पाहिजे. पुढचं आणि मागचं टोक सारख्या उंचीवर हवं. मागचं बुडत असेल तर खोगीर थोडं पुढे सरकवून घ्या.

'मग दोघांचीच होडी घेतो' असंही काही जण म्हणतात. नको. ती लांब असते, वळायला जड जाते आणि भरली की एकट्याला काठावर ओढता येत नाही.

कोलाडला कयाक शिकणार असाल तरी तत्त्व तेच. कयाकचं आकारमान बहुधा गॅलनमध्ये लिहितात. १०० किलोच्या पुढच्या माणसाने ८५-९० गॅलनची, म्हणजे साधारण ३२० ते ३४० लिटरची मोठी कयाक मागावी. आणि वजन खरं सांगा. लाजून ९० सांगाल तर प्रशिक्षक ९० किलोची होडी देईल.

गुडघे: वज्रासनाची चाचणी

खोगिरावर बसणं म्हणजे आधार घेतलेलं वज्रासन. खोगीर ठेंगणं असेल तर वजन खाली राहतं आणि होडी स्थिर राहते, पण गुडघा जास्त दुमडतो. उंच असेल तर गुडघ्याला आराम, पण होडी डगमगते. मोठ्या शरीराला रुंद होडी हवी त्याचं हे दुसरं कारण. रुंद होडीत खोगीर इंचभर उंच करायची मुभा मिळते.

घरी करून बघा. जमिनीवर घोंगडी दुमडून गुडघे टेका, पावलं मागे पसरा आणि बैठकीखाली ९-१० इंच उंचीचं भक्कम स्टूल घ्या. दहा मिनिटं बसा. गुडघ्यात ताणल्यासारखं वाटणं चालेल. टोचल्यासारखी कळ आली तर आधी गुडघे दाखवून घ्या. पायाला मुंग्या आल्या तर उठा. गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, हाडाच्या अगदी वरून एक नस जाते. ती फार वेळ दबली तर पाऊल वर उचलता येईनासं होतं. म्हणून पाण्यातही दर पंधरा-वीस मिनिटांनी काठाला लागून पाय मोकळे करायचे.

डायबेटिस असेल आणि पावलांची संवेदना कमी झाली असेल तर मुंग्यांचा इशाराही मिळणार नाही. अशांनी वेळ घड्याळावर धरावी, बंद बूट घालावेत आणि घरी आल्यावर तळपाय आरशात बघावेत.

पाय सुटतो का?

सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हाच. होडी उलटली की पट्टे सैल करून बाहेर पडायचं असतं. मोठ्या माणसाची मांडी पट्ट्यात घट्ट बसते आणि १०-११ नंबरचा बूट खोगिराखाली किंवा आडव्या दांडीखाली अडकू शकतो. म्हणून होडी ठरवताना पाण्यात वापरायचे तेच बूट घालून बसा. पट्टे एका झटक्यात सुटतात का आणि दोन्ही पाय न बघता मागे निघतात का, हे जमिनीवर दहा वेळा करा. मग शांत पाण्यात, शेजारी माणूस उभा करून, मुद्दाम उलटून करा. एकदा जरी पाय अडकला तर ती होडी तुमची नाही, मग ती कितीही स्वस्त मिळत असो.

लाइफ जॅकेट छातीच्या मापाने

'मी जाड, मला जास्त तरंगवणारं जॅकेट लागेल' हा समज उलटा आहे. चरबी पाण्यापेक्षा हलकी असते, स्नायू आणि हाडं जड. त्यामुळे जाड माणूस बहुधा सडपातळ माणसापेक्षा सहज तरंगतो. प्रश्न मापाचा असतो. पोटामुळे जॅकेट वर सरकतं आणि तोंडापाशी येतं. छातीच्या घेराप्रमाणे जॅकेट घ्या, सगळे पट्टे आवळा आणि कुणाला तरी दोन्ही खांद्यांपाशी धरून वर ओढायला सांगा. ते हनुवटीला लागलं तर माप चुकलं. राफ्टिंगच्या ठिकाणी बसेल असं जॅकेट नसेल तर त्या दिवशी उतरू नका. त्यात संकोच कसला?

खांदा आणि वल्हं

रुंद होडी आणि लांब धड यांना वल्हंही थोडं लांब लागतं, साधारण ५७ ते ६० इंच. आखूड वल्ह्याने दर फटक्याला कमरेतून वाकावं लागतं आणि संध्याकाळी कंबर बोलते. तोल जाताना हात डोक्याच्या वर आणि बाहेर जाऊ देऊ नका. त्या अवस्थेत आपलं सगळं वजन आणि पाण्याचा जोर खांद्याच्या सांध्यावर येतो आणि खांदा निखळतो. कोपर छातीच्या खालीच ठेवा. आणि २५ किलोची होडी दोघांनी उचला.

जुनी होडी घेताना

परदेशात राहणाऱ्या वाचकांसाठी हे सांगतो. जुन्या कनू बऱ्याचदा रॉयलेक्स नावाच्या थरांच्या प्लास्टिकच्या असतात. हलकं आणि चिवट, पण २०१४ मध्ये त्याचं उत्पादन थांबलं. अशी होडी घेताना गुडघ्याखालचा तळ आणि दोन्ही टोकं दाबून बघा, जड माणसाखाली हेच भाग आधी झिजतात. साधं पॉलिएथिलीन स्वस्त पण जड असतं.

उतरण्यापूर्वी

छातीत दुखतं, जिना चढताना धाप लागते, फिट येतात, इन्सुलिन चालू आहे, रक्त पातळ करणारी गोळी आहे किंवा खांदा पूर्वी निखळला आहे, यातलं काहीही असेल तर आधी डॉक्टरांना भेटा. चाळिशीच्या पुढे वजन जास्त असेल तर बीपी, शुगर आणि ईसीजी बघून घ्या. पोहणं शिका. लाइफ जॅकेट असलं तरी पाण्याची भीती पोहण्यानेच जाते. आणि नदीत कधीही एकटं जायचं नाही. होडी एकट्याची असली तरी नदी एकट्याची नसते.

गेल्या चार वर्षांत माझं वजन फक्त पाच किलोंनी उतरलं. पण शुगर काठावरून मागे आली, आणि दवाखान्याचे तीन मजले मी न थांबता चढतो. हे पाच किलो उतरण्याची वाट पाहिली असती, तर ते उतरलेच नसते. तुम्हाला जे करायचं आहे, त्याचं साधन आजच्या शरीराच्या मापाने घ्या. पुढे वजन कमी झालंच, तर लहान होडी बाजारात मिळते.