छडी आणि खारीक

सकाळी मराठी शाळा, संध्याकाळी मकतब. सोलापूर जिल्ह्यातल्या आमच्या गावी आम्हा दोघा भावांचं बालपण असंच गेलं. मकतबमध्ये सबक चुकला की तळहातावर निरगुडीची छडी बसायची.

त्या छडीनं आम्हांला सबक शिकवला नाही. उस्तादांच्या हाताकडं पाहायला शिकवलं. हात छडीकडं वळला की आवाज बारीक करायचा, अडलेला शब्द पोरांच्या गलक्यात गिळून टाकायचा. जुमेरातीला आठवडाभराचं ऐकवावं लागे; त्या दिवशी आमचं पोट हमखास दुखायचं.

घरी दादी होती. तिला अक्षरओळख नव्हती. रात्री कंदिलापाशी बसून ती म्हणायची, "पढ बेटा, मैं सुनती." आम्ही अडखळलो की ती नुसती थांबायची. कधी तिच्या बटव्यातून खारीक निघायची, कधी चार-चार दिवस निघायची नाही. तरी आम्ही रोज वाचायचो. दादी गेली, खारीक संपली. तिला ऐकवलेलं मात्र आजही तोंडपाठ आहे.

पुढं आम्ही दोघंही डी.एड. होऊन मास्तर झालो. अभ्यासात स्किनर भेटला. १९३८ साली त्यानं लिहिलंय: खटका दाबताच पंजावर फटका बसलेले उंदीर काही वेळ खटक्याला शिवले नाहीत, फटके थांबल्यावर मात्र, फटका न खाल्लेल्या उंदरांनी दाबला तितक्याच वेळा त्यांनीही शेवटी तो दाबला. शिक्षेनं सवय दडते, मरत नाही. आणि अधूनमधून मिळणाऱ्या बक्षिसाची सवय लवकर सुटत नाही. आम्हांला दादीची खारीक आठवली.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं शाळेत मुलांना मारायला मनाई केली. शाळेतली छडी गेली. घरात कायदा कोण आणणार? थोरल्याच्या मुलानं प्रगतिपुस्तक लपवलं, तेव्हा थोरल्यानं त्याच्या थोबाडीत दिली. पोरगं रडलं नाही. ते बापाच्या हाताकडं पाहत राहिलं. ती नजर आम्ही दोघांनी ओळखली.

धाकट्यानं दुसरी वाट धरली. त्याची मुलगी हट्टानं सहरीला उठायची. त्यानं कौतुकानं रोज्यामागं वीस रुपये लावले. पुढच्या रमजानला तिनं विचारलं, "अब्बू, इस साल कितने?" १९७३ साली अमेरिकेत स्टॅनफर्डच्या बालवाडीत हेच दिसलं होतं. चित्रं काढायची आवड असलेल्या मुलांना आधी बक्षीस कबूल केलं. नंतर मोकळ्या वेळात ती मुलं इतरांच्या जेमतेम निम्मा वेळ चित्रं काढू लागली.

हजरत अनस यांनी दहा वर्षं पैगंबरसाहेबांची खिदमत केली. त्या दहा वर्षांत त्यांना 'उफ्'सुद्धा ऐकावं लागलं नाही. ही रिवायत आम्हांला त्याच मकतबमध्ये, त्याच छडीसमोर सांगितली गेली होती. ऐकणाऱ्यांचं लक्ष छडीवर होतं.

थोरल्यानं मुलाची माफी मागितली. आता इशानंतर मुलं वाचतात, आम्ही ऐकतो. अडलं की थांबतो. खिशात खारीक असते. ती रोज निघतेच असं नाही.

मधूनच त्या पोराची नजर अजूनही आमच्या हाताकडं जाते. मग आम्ही दोघं हात मांडीखाली घेऊन बसतो.