फुंकर

पवनारच्या रस्त्याला लागून असलेलं चंद्रज्योतीचं कुंपण परवा कुणीतरी साफ तोडलं. कापलेल्या खोडांतून चीक गळत होता. त्या तुरट, कच्च्या वासानं मी गाडी थांबवली, पडलेला एक देठ अर्धवट मोडला, खाचेत चिकाचा पडदा धरला आणि हलकी फुंकर घातली. फुगा आला. मोबाइल काढेस्तोवर फुटलाही.

ढोरं या झाडाला तोंड लावत नाहीत, म्हणून ते धुऱ्यावर लावायचं. बिया खाल्ल्या की पोरं उलट्या करायची आणि चिकाचे डाग सदऱ्यावर जन्मभर राहायचे. तरी आम्ही फुगे काढायचोच. घरात असलो की साबणाचं पाणी आणि पपईच्या पानाचा पोकळ देठ. त्यात ताईचा हात धरणारं कुणी नव्हतं. ती देठ ओठांत धरायची, डोळे अर्धे मिटायची आणि फुगा वाढतच जायचा.

काकांचा कॅमेरा माझ्या हाती आला तेव्हा मी पहिल्यांदा तेच टिपायला गेलो. ताईला ओसरीत बसवलं, मागे दारावर काळी घोंगडी टांगली, कारण मागे अंधार असल्याशिवाय रंग उठत नाहीत. ऊन थेट नको, भरलेलं आभाळ हवं. दिवसही पावसाळ्याचेच हवेत. आपल्याकडच्या मे महिन्याच्या कोरड्या हवेत पडद्यातलं पाणी पाहता पाहता उडून जातं. मी जवळ सरकलो की ती देठ न सोडता दटावायची, ‘‘हालू नको ना बे, माझा दम मोडते!’’

नीट पाहिलं की फुग्यावर आख्खी ओसरी दिसते, तीही दोनदा. पुढच्या फुगीर बाजूवर सुलटी, मागच्या आतल्या बाजूवर उलटी. दोन्हींत मधोमध कॅमेरा धरलेला मी. ताई मात्र कडेला, वाकून बारीक झालेली. वरून पाणी खाली ओघळतं, माथा पातळ होत जातो, गुलाबी-हिरवे पट्टे खाली सरकतात. शेवटी माथ्यावर काळा ठिपका येतो. तिथं पडद्याची जाडी दशलक्षांश मिलिमीटरच्या हिशोबात मोजावी इतकी कमी झालेली असते. पुढच्या आणि मागच्या पृष्ठावरून परतणारे किरण एकमेकांना खोडून टाकतात. काळं दिसलं की आता फुटणार, हे ताईला कुठल्याही पुस्तकाशिवाय माहीत होतं. ती म्हणायची, ‘‘काढ आता.’’

रोल धुवायला दिला. स्टुडिओवाल्यानं लग्नाचे, बारशाचे फोटो छापून दिले आणि फुग्यांच्या निगेटिव्ह पट्ट्या कापून फेकल्या. ‘‘त्यात काहीच नाही आलं,’’ म्हणाला. त्या माणसाला मी अजून माफ केलेलं नाही. त्यात आमची ओसरी होती.

प्लॅटो नावाचा एक बेल्जियन शास्त्रज्ञ 1843 मध्ये पूर्ण आंधळा झाला आणि त्यानंतरही साबणाच्या पडद्यांवर काम करत राहिला. प्रयोग दुसऱ्यांनी करायचे, दिसेल ते त्याला सांगायचं. 1873 मध्ये त्याचा ग्रंथ आला. त्याच्यासाठी कुणीतरी हे रंग मोठ्यानं उच्चारले असतील, हे मनात आलं की मला भरून येतं.

आणि आमच्या सेवाग्रामात कनू गांधी. मगनवाडी ज्यांच्या नावाची, त्या मगनलालांचा हा पुतण्या. कॅमेऱ्यासाठी त्याला घनश्यामदास बिर्लांनी शंभर रुपये दिले. बापूंच्या अटी तीन: फ्लॅश वापरायचा नाही, ‘इकडे पाहा’ म्हणायचं नाही, आश्रम खर्च देणार नाही. पहिल्या दोन अटी फुग्यालाही लागू आहेत. फ्लॅश मारला तर पडद्यावर पांढरा ठिपका तेवढा चमकतो, ओसरी जाते. कनूनं बापूंना दहा वर्षं टिपलं आणि 30 जानेवारी 1948 ला तो नोआखालीत होता. कुंपणापासून घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात हेच चालू होतं, आणि मग मी गाडी हिंगणघाटकडे वळवली.

ताई तिथं राहते. बरीच वर्षं जिनिंगमध्ये रेचावर काम केलं तिनं, कापूस टाकायचं. आता डॉक्टरांनी तिला फुंकर नव्हे, श्वास आत ओढायचं यंत्र दिलंय, तीन नळ्यांत तीन गोळ्या असलेलं. दोन वर जातात, तिसरी जागेवरच राहते. मी मोबाइल काढला तर म्हणाली, ‘‘याचा फोटो नको काढू.’’ मी ठेवून दिला.

मग ती बोलत बसली. सुटीनंतर कामावर गेलं की पहिल्याच दिवशी छाती जास्त आवळायची, पुढे आठवडाभर जरा सैल व्हायची. हंगामाची सर्दी म्हणून सगळ्याजणी ओव्याची पुरचुंडी हुंगायच्या. कापसाच्या धुळीनं होणाऱ्या या दुखण्याला बिसिनोसिस म्हणतात, आणि सुटीनंतरचा पहिला दिवस वाईट जाणं ही त्याची वैद्यकाच्या पुस्तकांत कधीपासून नोंदलेली खूण आहे. तिला हे कुणी सांगितलं नाही. तोंडाला बांधायला फडकंही ती घरून न्यायची, जुन्या लुगड्याचं. ते ओलं करून बांधलं तर धूळ कमी जाते, हे बायकांनीच एकमेकींना शिकवलं होतं.